वर्षभर बंद असणारा वीज प्लांट ठेवायचा कशाला?

प्रश्न: तेलावर चालणारे छोटे वीज प्लांट बहुतेक दिवस बंदच असतात म्हणे, आणि चालले की वीज महाग पडते. मग मोडीत का काढत नाहीत?

उत्तर: महाग पडते हे खरंय. लिटरभर डिझेल जाळून साधारण साडेतीन-चार युनिट वीज मिळते, बाकी सगळी उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उडून जाते, वर अडीच किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड. म्हणून रोजच्या विजेसाठी यांच्याकडे शक्यतो कोणी जात नाही, बेटं आणि दुर्गम भाग सोडले तर.

पण ग्रीडची, म्हणजे वीजकेंद्रं आणि ग्राहक जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, गंमत अशी की जेवढी वीज लागते तेवढीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते. एखादा मोठा संच (वीज बनवणारं यंत्र) ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की फ्रिक्वेन्सी (विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं) 50 हर्ट्झच्या (काही देशांत 60) खाली घसरायला लागते, पहिले काही सेकंद चालू असलेले संच कसंबसं सावरतात, पण ती तूट भरायला कोणीतरी यावं लागतंच ना? कोळशाचा थंड पडलेला संच सुरू करायला कित्येक तास जातात. हा तेलावरचा इंजिनवाला प्लांट काही मिनिटांत फुल लोड घेतो, म्हणजे पूर्ण क्षमतेने वीज द्यायला लागतो.

ते उगीच होत नाही हं. इंजिन बंद असतानाही त्याच्यातलं पाणी हीटरवर गरम ठेवलेलं असतं, दाबलेल्या हवेच्या टाक्या भरलेल्या असतात. ती हवा सिलिंडरात सोडली की इंजिन फिरतं, मग सिंक्रोस्कोपचा (इंजिनची वीज ग्रीडशी जुळली का ते दाखवणाऱ्या उपकरणाचा) काटा हळूहळू बाराच्या जागी आला की ब्रेकर, म्हणजे ग्रीडला जोडणारा मोठा स्विच, टाकायचा. डिझेलऐवजी फर्नेस ऑइल (जाड, दाट तेल) असेल तर आणखी डोकेदुखी, थंड झालं की पाइपातच घट्ट होऊन बसतं.

आणि सगळी ग्रीडच झोपली तर? मोठ्या प्लांटला स्वतःचे पंप, पंखे चालवायलाही बाहेरून वीज लागते. ती पहिली वीज कुठे जलविद्युत केंद्र देतं, कुठे असं छोटं इंजिन. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात.

बॅटरी आता यांचं बरंच काम खातेय, सेकंदाच्या आत प्रतिसाद देते, तिथे इंजिन हरलंच. पण ग्रीडवरच्या बहुतेक बॅटऱ्या दोन-चार तासांत रिकाम्या होतात, तेलाची मोठी टाकी भरलेली असेल तर इंजिन दिवसचे दिवस चालतं. त्यामुळे माझं मत विचाराल तर चालवा कमीत कमी, पण मोडीत काढायची घाई नको. फक्त अधूनमधून लोडवर चालवून बघा, कारण नुसतं उभं ठेवलेलं इंजिन नेमकं ऐनवेळी दगा देतं.