रात्री हेडफोन लावून बघते, पण सांगायची लाज वाटते

प्रश्न : ताई नमस्कार. मी ५१ वर्षांची, तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवते. घरातले सगळे झोपले की मी मोबाईलला हेडफोन लावून हॉलिवूडचे पिक्चर बघते, हिंदीत डब केलेले, आणि तेही ठरावीकच, म्हणजे दोन पोलीसवाले, एकमेकांशी अजिबात पटत नाही, गाड्या ठोकतात, गोळीबार करतात, मध्येमध्ये कॉमेडी. लेथल वेपनचे चारही भाग दोनदोनदा बघून झालेत. आमचे मिस्टर फिल्म क्लबला जातात, एकदा त्यांनी मला बघताना पकडलं आणि "तू हे बघतेस?" एवढंच म्हणाले, पण ते मला लागलं. शिवाय माझा सख्खा भाऊ पोलिसात आहे, बरीच वर्षं बीट मार्शल होता, त्यामुळे बंदोबस्त, रद्द झालेल्या रजा, अर्धवट टाकून गेलेली जेवणं हे सगळं मी जवळून बघितलंय. असं असूनही पडद्यावरच्या पोलिसाने कोणाला कॉलर धरून बडवलं की मी हसते आणि नंतर वाईट वाटत राहतं. हे बघणं सोडून द्यावं का?

उत्तर : बाई, सोडू नका. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या लाजा एकत्र आल्यात, त्यातली एक आजच टाकून द्या आणि दुसरी मात्र जपून ठेवा, असं माझं मत आहे.

पहिली लाज म्हणजे हा 'चांगला सिनेमा' नाही ही. मिस्टरांच्या क्लबात जपानी दिग्दर्शक कुरोसावाचं नाव आदराने घेत असणारच. तर त्यांना त्याचा १९४९ चा 'स्ट्रे डॉग' आठवतो का विचारा. टोकियोतला कडक उन्हाळा, खच्चून भरलेली बस, त्यात एका तरुण डिटेक्टिव्हचं पिस्तूल चोरलं जातं, तो शरमेने नुसता पेटलेला असतो आणि त्याच्या जोडीला येतो एक मुरलेला, शांत, घरसंसारवाला डिटेक्टिव्ह. कलाकार तोशिरो मिफुने आणि ताकाशी शिमुरा. एक धुमसणारा, दुसरा पोक्त, पोक्त माणूस तरुणाला एकदा घरीसुद्धा घेऊन जातो. आता लेथल वेपन आठवा, १९८७, रिचर्ड डोनरचा. तिथेही हेच आहे, फक्त हसणं आणि स्फोट वाढलेत. जोडी जुनी आहे आणि ती मोठमोठ्या लोकांनी हाताळलीय.

हॉलिवूडात या प्रकाराला आजचं रूप आलं ते १९८२ मध्ये '४८ अवर्स'मुळे, असं बहुतेक लोक मानतात. निक नोल्टी खडूस पोलीस आणि एडी मर्फी तुरुंगातून ४८ तासांसाठी बाहेर काढलेला कैदी. मर्फीचा हा पहिलाच पिक्चर, वय २१, आणि एका गोऱ्यांच्या बारमध्ये तो पोलीस असल्याची बतावणी करून सगळ्यांना गप्प करतो तो सीन बघितला तर कळतं की यातली कॉमेडी नुसत्या टपल्या टिचक्यांची नाहीये, कोणाला कोणाशी कसं बोलायची मुभा आहे यावर ती उभी आहे. पुढे १९९८ मध्ये 'रश अवर' आला, त्यात जॅकी चॅन हाँगकाँगचा आणि ख्रिस टकर लॉस एंजेलिसचा, दोघांनाही मुद्दाम केसपासून लांब ठेवलेलं. ऑफिसात ज्याला कोणी मोजत नाही अशा प्रत्येकाला तो पिक्चर का आवडतो हे मी वेगळं सांगायला नको.

मला विचाराल तर या सगळ्यात गोळीबार म्हणजे वरचा मसाला. लेथल वेपनच्या सुरुवातीला पोक्त पोलीस मर्टॉ बाथटबमध्ये बसलेला असतो आणि घरचे सगळे पन्नासाव्या वाढदिवसाचा केक घेऊन आत घुसतात, आणि तिकडे त्याचा जोडीदार रिग्ज बायको वारल्यापासून समुद्राकाठी एका ट्रेलरमध्ये कुत्र्यासोबत एकटा, स्वतःला संपवायला एक गोळी वेगळी काढून ठेवलेली. शेवटी तीच गोळी तो मर्टॉच्या मुलीच्या हातात देतो, बाबांना नाताळची भेट म्हणून, म्हणजे आता तिची गरज उरली नाही. आणि मर्टॉ त्याला जेवायला घरात घेतो. बाई, तुम्ही पन्नाशी ओलांडलेली बाई, वर्गात पोरांना कविता शिकवणारी, तुम्हाला हे आवडलं तर त्यात लाजायचं काय आहे! दुसऱ्या भागात मर्टॉ कमोडवर बसलाय आणि खाली बॉम्ब, उठला की फुटणार, तेव्हा रिग्ज बाहेर जात नाही, शेजारी थांबतो, आणि दोघं एकदमच बाथटबमध्ये उडी मारतात. इतका हास्यास्पद प्रसंग आणि इतकी खरी माया, हे एकत्र जमवणं खूप अवघड काम आहे.

आता दुसरी लाज, कॉलर धरून बडवण्याची. ती माझ्याही मनात असते आणि ती खरी आहे. या पिक्चरमध्ये नियम मोडणारा पोलीस नेहमी बरोबरच निघतो, कारण लेखकाने आधीच ठरवलेलं असतं की समोरचा गुन्हेगारच आहे. खऱ्या चौकीत हे कोणालाच आधी माहीत नसतं. म्हणूनच आपल्याकडे डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सुप्रीम कोर्टाला अटकेचे नियम घालून द्यावे लागले, म्हणजे अटकेचा मेमो साक्षीदारासमोर करायचा, नातेवाइकांना कळवायचं, कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. तुमच्या भावाला हे पाठ असणार. त्यामुळे हसू आलं तर येऊ दे, पण नंतर वाईट वाटतं ना, ते वाटणं बंद होऊ देऊ नका. आणि एकदा २००७ चा 'हॉट फझ' बघाच. लंडनचा एक काटेकोर पोलीस, कागदपत्रं मनापासून लिहिणारा, त्याची बदली एका शांत गावात होते आणि तिथला जोडीदार असल्याच पिक्चरचा वेडा. एका रात्री तो याला घरी नेऊन डीव्हीडी लावून दाखवतो, त्यातली एक 'बॅड बॉइज टू'. तुमच्यासारखाच तोही हे सगळं मनापासून बघतो, फक्त तो दुसऱ्याला शेजारी बसवून बघतो.

अजून एक. बीट मार्शल म्हणजे एका मोटरसायकलवर दोघं, रात्रभर एकत्र. भाऊ आला की त्याला त्याच्या त्या जोडीदाराबद्दल विचारा, कधी भांडले, कोणी कोणाला सांभाळून घेतलं, चहा कुठे प्यायचे. मिस्टरांनाही तिथेच बसू दे.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. नवरा त्याला शेजारी बसवून असले पोलिसांचे पिक्चर दाखवतो. मी नको म्हणते तर मीच वाईट ठरते. काय करू?

उत्तर : तुम्ही बरोबर आहात. लेथल वेपन, बॅड बॉइज, ४८ अवर्स, हॉट फझ हे सगळे अमेरिकेत 'आर' सर्टिफिकेटवाले आहेत, म्हणजे १७ वर्षांखालच्याला पालकांशिवाय प्रवेश नाही, आणि घरी पालक शेजारी असले तरी अकराव्या वर्षी ते रक्त आणि त्या शिव्या मी दाखवणार नाही. 'रश अवर'ला सौम्य सर्टिफिकेट आहे, पण तोही मी अजून दोनतीन वर्षं थांबवीन. बापलेकांची एकत्र बसायची वेळ मात्र तोडू नका, ती सोन्यासारखी आहे. त्यांना २०१६ चा 'झूटोपिया' लावून द्या. ससा पोलीस, कोल्हा ठग, दोघांचं पटत नाही, आणि मध्येच ती ससुली भाषणात असं काही बोलून जाते की कोल्हा दुखावतो आणि तिला जाऊन माफी मागावी लागते. मोठ्यांच्या पिक्चरमध्ये इतकी सरळ माफी मला फारशी दिसत नाही. आणि नवऱ्याला सांगा की त्या सशालाही केस सोडवायला ४८ तासच मिळतात, हे ऐकून कुठला पिक्चर आठवतो ते त्याने मुलाला स्वतः सांगावं.