डिस्क गोल्फची टूर्नामेंट: नॉकआउट ठेवू की टोटल?

प्रश्न: नमस्कार भाऊ. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कबड्डीचे सामने इकडे नेहमीचेच, पण यंदा पोट्ट्यांना डिस्क गोल्फचं, म्हणजे चपटी तबकडी (डिस्क) फेकत कमीत कमी थ्रोत बास्केटमधे टाकायच्या खेळाचं, याड लागलंय. पुण्यात शिकणाऱ्या एका भाच्यानं डिस्क आणल्या, आम्ही वेल्डिंगवाल्याकडून रिंगा अन् साखळ्या लावून सहा बास्केट बनवून घेतले आणि आखरावर रोवले. संक्रांतीनंतरच्या रविवारी टूर्नामेंट घ्यायची आहे. चोवीस जण पक्के, त्यात शाळेतल्या पोरी आहेत, दोन-तीन काका लोक आहेत. अर्धे म्हणतात कबड्डीसारखं नॉकआउट ठेवा, अर्धे म्हणतात सगळ्यांचे थ्रो मोजा, आणि सगळेच म्हणतात की कसंही ठेवलं तरी भाचाच जिंकणार, मग एन्ट्री फी काहून द्यायची? काय करू?

उत्तर: भाऊ, नॉकआउट नकाच ठेवू. चोवीस जणांत पहिल्याच फेरीत बारा जण घरी, तेही सकाळी नऊच्या आत, पैसे भरून! कबड्डीत हरलेली टीम निदान बसून पुढचा सामना तरी बघते, इथं खेळणारे अख्ख्या आखरावर पांगलेले असतात, एका जागी बसून काही दिसत नाही, मग हरलेला पोट्टा गाडीला किक मारून निघून जातो. आणि भाच्यासमोर पहिल्याच चिठ्ठीत कोणाचं नाव निघालं तर त्याचा काय दोष?

माझं म्हणणं असं की सकाळी सिंगल्स, चहा-पोह्यानंतर डबल्स, आणि दिवसभर कोणीच बाहेर नाही.

सिंगल्समधे साधा स्ट्रोक प्ले ठेवा, म्हणजे ज्याचे एकूण थ्रो कमी तो पुढे. तुमचा हिशोब तर आयता जमतोय, सहा बास्केट आणि चोवीस जण म्हणजे चार-चारचे सहा ग्रुप, प्रत्येक ग्रुप वेगवेगळ्या बास्केटवर उभा करा आणि एक शिट्टी मारून सगळ्यांना एकदमच सुरू करा, याला शॉटगन स्टार्ट म्हणतात. एकामागून एक ग्रुप सोडत बसलात तर पहिल्याला सकाळची शांत हवा मिळते अन् शेवटच्याला ऊन आणि वारा, आणि वाऱ्यात डिस्क कुठल्या कुठं जाते हे तुम्ही पाहिलंच असेल. नवख्या ग्रुपला एका बास्केटला दहा मिनिटं धरली तर दोन चकरा, म्हणजे बारा होल (एक बास्केट म्हणजे एक होल), दोन तासांत होतात. साडेसातला शिट्टी मारा.

नवख्यांसाठी एक गोष्ट नक्की करा, एका होलला जास्तीत जास्त सात थ्रो, सात झाले की डिस्क उचला, सात लिहा, पुढे चला. हा नियम नसला की एखादी पोरगी बाभळीच्या काट्यात अडकून अकरा-बारा थ्रो करते, मागचे ग्रुप खोळंबतात, आणि तिचा दिवस तिथंच संपतो.

आता भाचा. पीडीजीए ही या खेळाची मोठी संघटना, त्यांच्या स्पर्धांत वय, महिला आणि खेळाची पातळी बघून डिव्हिजन, म्हणजे गट, पाडतात. तुम्ही पण पाडा, पण दोन किंवा तीनच, जास्त पाडल्या की प्रत्येकाच्या हातात कप अन् किंमत कोणालाच नाही. काही जण हँडिकॅप सुचवतील, म्हणजे कच्च्या खेळाडूचे थोडे थ्रो वजा करायचे. ऐकायला बरं वाटतं, पण बक्षीस पैशाचं असलं की सरावात मुद्दाम वाकडं फेकणारे बहाद्दर निघतात. मी तर नाही ठेवणार.

खरी मजा डबल्समधे आहे. सकाळच्या क्रमानं जोड्या लावा, पहिला चोविसाव्यासोबत, दुसरा तेविसाव्यासोबत, असं करत बारावा तेराव्यासोबत. प्रत्येक जोडीच्या नंबरांची बेरीज पंचवीसच येते, त्यामुळं भांडायला जागाच नाही. खेळायचं बेस्ट शॉट: दोघांनी फेकायचं, ज्याची डिस्क चांगली पडली तिथून दोघांनी पुन्हा फेकायचं. फक्त एक अट घाला, सहा होलपैकी कमीत कमी दोनदा तरी प्रत्येकाचा पहिला थ्रो घ्यावाच लागेल. नाही तर भाचा एकटाच खेळेल अन् काका पाण्याची बाटली धरून मागं मागं फिरतील. मोठं बक्षीस याच डबल्सला ठेवा, एन्ट्री फीचा प्रश्न तिथंच मिटतो.

बरोबरी झाली तर चिठ्ठी-नाणेफेक नको. दोघांना पुन्हा एका बास्केटवर उभं करा, जो कमी थ्रोत टाकेल तो जिंकला, तिथंही बरोबरी झाली तर पुढचं बास्केट. हे बघायला सगळं गाव जमतं.

आणि आखराला लागून हरभऱ्याचं वावर असेल तर धुरा ही ओबीची (आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे मैदानाबाहेरची) हद्द धरा, पलीकडे गेली की एक थ्रो दंड. डिस्क आणायला एकानंच जायचं, सरीतून, बघून. अख्खा ग्रुप घुसला की घाटे तुडवले जातात आणि पुढच्या वर्षी वावरवाला आखराकडे फिरकूही देणार नाही. शोधायला तीन मिनिटं, नाही सापडली तर हरवली समजून दंड. स्कोअर प्रत्येक ग्रुपमधे दोघांनी वेगवेगळा लिहा आणि होल संपला की लगेच मोठ्यानं बोलून जुळवा, शेवटी जुळवायला बसलात तर कोणालाच काही आठवत नाही.

प्रश्न: आमच्याकडे बास्केट नाहीत, बनवायला पैसे पण नाहीत. झाडांवर मारून टूर्नामेंट होईल का? (एक ताई, आर्वी)

उत्तर: होईल की ताई. साखळीचं बास्केट एड हेडरिक यांनी 1970च्या दशकात आणलं, त्याआधी लोक झाडं, खांब यांच्यावरच फेकायचे. खोडाला कमरेच्या उंचीवर जुन्या साडीची पट्टी बांधा, डिस्क पट्टीला लागली तरच झालं. आता लागली की नाही यावर वाद होणारच, म्हणून तुम्ही टोटल मोजू नका, दोघा-दोघांचा मॅच प्ले ठेवा, म्हणजे जो होल जिंकेल त्याला एक पॉइंट. एका झाडावर वाद झालाच तर तो होल दोघांना अर्धा-अर्धा द्या अन् पुढच्या झाडाकडे चला. हो, मॅच प्ले म्हणजे नॉकआउटच असं नाही, प्रत्येकाला तीन तरी मॅच मिळतील असं बघा.