जुन्या मारुती झेनचे पुढचे ब्रेक होज घरी बदलता येतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गाडी २००३ ची झेन, पुढच्या दोन्ही होजवर (लोखंडी पाइपातलं ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणाऱ्या रबरी नळ्यांवर) बारीक चिरा, गॅरेजवाला म्हणतो "अजून चालतंय", तुम्हाला ते घरीच बदलायचे आहेत, खर्च किती येईल तेही विचारलंय, आणि घरचे म्हणतात ब्रेकला हात लावू नका.

येतील बदलता. आणि "अजून चालतंय" म्हणणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका.

एवढ्यावर उत्तर संपायला हवं होतं. पण "घरचे म्हणतात" वाचलं आणि बसलो लिहायला, कारण आमच्याकडे हा वाद अजून मिटलेला नाही. आमचे साडू ऑटोमोबाइलचे डिप्लोमावाले. "ब्रेक आणि स्टिअरिंग, या दोन गोष्टींना घरी हात लावायचा नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते वाक्य ते पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात.

माझी गाडी वडिलांची, १९९९ ची झेनच. गणपतीला कराडहून चिपळूणला साडूंकडे निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरून पोफळीच्या पुढे आलो तर गाडीत जळका वास. डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेववत नव्हता इतकी रिम तापलेली. घाट उतरताना आणखी एक गोष्ट लक्षात आली होती: ब्रेक दाबला की गाडी किंचित उजवीकडे जायची, आणि सोडल्यावर डावीकडे ओढायची. हे लक्षण नीट लक्षात ठेवा, कारण निम्मं निदान त्यातच आहे. साडूंनी अंगणातूनच निकाल दिला, "पॅड जाम झालेत."

त्यांच्या ओळखीच्या गॅरेजने पॅड बदलले, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावलं. कराडला येईपर्यंत चाक पुन्हा तापलं. मग कॅलिपरच्या रबरी सीलांचं किट टाकलं. मग अख्खा कॅलिपर बदलला. मग म्हणाले, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा भाग) गेलाय. प्रत्येक वेळी बिल मी दिलं आणि प्रत्येक वेळी साडूंनी फोनवर मान्यता दिली. होजकडे कुणी बघितलंच नाही, कारण बाहेरून तो ठणठणीत दिसत होता. त्यात पॅड बदलताना त्या गॅरेजमधला पोरगा काढलेला कॅलिपर होजवरच लोंबकळत सोडून चहाला गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. कॅलिपर नेहमी तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायचा असतो. त्याचं वजन होजवर आलं की आतले थर सुटतात.

मास्टर सिलिंडरचा आकडा ऐकल्यावर मी गाडी घरी आणली आणि साधी तपासणी केली. तुम्हीही होज विकत घ्यायच्या आधी ही करा. चाक उचलून गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्यायची, ब्रेक दाबून सोडायचा, चाक हाताने फिरवायचं. फिरत नाही? मग कॅलिपरवरचा ब्लीडिंग निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) जरासा ढिला करायचा. तेल उडालं आणि चाक सुटलं, तर कॅलिपर निर्दोष, दाब वरच कुठे तरी अडकलाय. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर मात्र पिस्टन नाही तर पिना धरल्यात. माझं चाक सुटलं. निपल बंद केला, ब्रेक पुन्हा दाबून सोडला, चाक पुन्हा जाम. आता होजच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी पाइप येऊन मिळतो, तिथला नट अर्धा आटा ढिला केला. थेंबभर तेल आलं, चाक जाम ते जामच. म्हणजे वरच्या बाजूला दाब नाही, खाली आहे, आणि मधे फक्त होज आहे. नट ढिला करताच चाक सुटलं असतं तर मास्टर सिलिंडरवर संशय घेतला असता. आता यात डिप्लोमा कुठे लागतो, ते साडूंनी सांगावं.

होज आतून सुजतो आणि त्याची वाट सुजलेल्या घशासारखी बारीक होते. पेडल दाबताना पायाचं आणि पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचं बळ असतं, तेल उशिरा का होईना, पलीकडे जातं. उशिरा जातं म्हणून दाबताना गाडी चांगल्या बाजूला ओढते. सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारं काय असतं, तर त्याच्या रबरी सीलचा अगदी हलका ताण. तेवढ्या ताणाला तेल मागे ढकलणं जमत नाही. मग पॅड डिस्कला चिकटून राहतात, चाक तापतं, आणि गॅरेजवाले कॅलिपर विकतात.

आता काम. चाक कसं काढायचं, जॅक कुठे लावायचा हे तुम्हाला येत असणारच. होज दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एकाच वयाचे आहेत. घेताना त्यावर छापलेली तारीख बघा, दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर नको. तांब्याचे वॉशर वेगळे मागून घ्या. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) वर एक आणि खाली एक, म्हणजे दोन चाकांचे ४. जुने वॉशर घासून परत लावणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

खरी परीक्षा वरच्या पाइप नटची. तो १० नंबरचा असतो आणि मऊ असतो. साध्या फिक्स पान्ह्याने जोर लावलात की कडा मरतात, मग पकड येते, मग नटाबरोबर पाइपच पिळतो आणि तासाभराच्या कामाचं आठवड्याचं काम होतं. यासाठी फ्लेअर नटचा पाना मिळतो, रिंग पान्ह्यासारखाच, पण पाइप आत जाईल एवढी फट ठेवलेला. तो विकत घ्या. हा पाना घ्यायचा नसेल तर कामाला हातच लावू नका, तेवढ्यापुरतं साडूंचं बरोबर आहे. आदल्या रात्री नटवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. होजचा षटकोन दुसऱ्या पान्ह्यात धरा आणि फिरवा फक्त नट. कोकणातली गाडी असेल तर खारी हवा आधीच तिथे पोचलेली असते, घाई करू नका. आणि ज्योत अजिबात लावू नका, ब्रेक ऑइल पेट घेतं.

नट सुटला की पत्र्याची क्लिप पक्कडीने ओढून काढा, खाली बँजो बोल्ट काढा, होज हातात येतो. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ नये म्हणून एक युक्ती: काम सुरू करायच्या आधी पेडल इंचभर दाबलेलं राहील अशी काठी सीट आणि पेडलच्या मधे अडकवा. मास्टर सिलिंडरचं वरचं छिद्र बंद होतं आणि धार लागत नाही. मात्र मागचे ब्रेक लाइट पेटलेले राहतात, म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवा.

नवा होज बसवताना वरचा नट आधी हाताने आट्यात घाला, दोन-तीन वेढे सहज गेले तरच पाना लावा. होजवर लांबीने रेघ असते, ती पिळलेली दिसता कामा नये. बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून बघा, होज टायरला किंवा रिमला कुठेही घासायला नको, ताणायलाही नको. टेफ्लॉन टेप लावू नका. हा नळ नाही. इथे धातू धातूवर दाबून सील होतो, टेपचा तुकडा आत गेला तर पुन्हा तीच वाट बंद.

होज काढल्यावर तेलात शिरलेली हवा काढायला दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे पेडलवर सौ. होती, म्हणजे साडूंची मेहुणी, हे मुद्दाम सांगतो. "दाब" म्हटलं की "दाबलंय," मग मी निपल उघडायचा, बंद करायचा, "सोड." मधेच ती म्हणाली, "अहो, भाऊजींना विचारलं का?" तेवढा एक क्षण सोडला तर काम शांततेत झालं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून आधी डावं चाक, मग उजवं. टाकीतलं तेल दर थोड्या वेळाने बघा, ते संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि जुन्या गाडीत पेडल जमिनीपर्यंत दाबू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील रोज पोचत नाही तिथे गंज असतो. सील त्यावरून फिरला की फाटतो, आणि मग गॅरेजवाल्याचं भाकीत खरं ठरतं.

तेल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत: डॉट ३ असेल तर डॉट ४ चालतं, डॉट ५ नाही, ते सिलिकॉनचं असतं. बाटली सीलबंद हवी. उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी ओढते. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावर १४० ची हमी उरते, आणि घाटात पेडल मऊ पडतं ते यामुळेच. साडूंच्या फडताळात अशी एक उघडी बाटली कधीपासून आहे, डिप्लोमा शेजारच्या भिंतीवर आहे. रंगावर तेल सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. ब्रेकचा कुठलाही भाग पेट्रोलने, डिझेलने, रॉकेलने धुऊ नका, रबर फुगतं.

जुना होज मी लांबीने चिरून साडूंना दाखवला. आतली वाट टाचणीएवढी राहिली होती. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "नशीब चांगलं तुझं."

खर्च विचारला होतात: दोन होज, वॉशर, तेलाची बाटली आणि तो पाना. किंमत दुकानागणिक वेगळी, पण माझ्या बाबतीत गॅरेजने लावलेल्या नुसत्या किटपेक्षा हे सगळं मिळून स्वस्त पडलं.

हे आधी सांगायला हवं होतं, आता सांगतो. वरचं सगळं एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीसाठी आहे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाशी बसू नका, घोडी लावा, मागच्या चाकांना दगड लावा. लोखंडी पाइपवर गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर नटला हात न लावता पाइप बदलायच्या तयारीने चांगल्या मेकॅनिककडे जा. शेवटी इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा आणि कुणाला तरी चारही जोडांवर टॉर्च मारून बघायला सांगा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी दारातून हलवू नका. नसेल तर आधी गल्लीत, सावकाश, हँडब्रेकवर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी चारही जोड कोरड्या कागदाने पुसून पुन्हा बघा, आणि निपलच्या रबरी टोप्या परत लावल्यात ना, तेही.