आधी मोज, मग खिशात हात घाल

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला. भला मोठा मजकूर, सोबत तीन व्हिडिओ आणि शेवटी एक ओळ: "काका, मोटरसायकलची ताकद वाढवायला चोवीस हजारांचा ट्यूनर घेऊ का नको?" फोन उचलून हो किंवा नाही सांगता आलं असतं. पण मधे कुठंतरी तू लिहिलंयस, "दुकानदार म्हणतो, कंपनीनं गाडीचा गळा आवळून ठेवलाय." त्या वाक्यानं माझी झोप गेली. हेच वाक्य मी १९९२ साली ऐकलं होतं. दुकान वेगळं, गाडी वेगळी, गळा तोच. म्हणून आज शटर वर करायच्या आधीच लिहायला बसलोय.

हप्ते झेपतात का, घरचे काय म्हणतील, हे तू विचारलं नाहीस आणि मीही त्यात पडत नाही. तुझी कमाई आहे. माझं भांडण वेगळं आहे.

तू रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर घेतलीस. ६४८ सीसी, ४७ हॉर्सपॉवर. दोन महिने खुशीत होतास, आंबोलीचे फोटोही पाठवले होतेस. मग आवाजासाठी सायलेन्सर बदललास. मग हवेचा फिल्टर. आणि त्यानंतर गाडी अडीच-तीन हजार आरपीएमला धक्के मारायला लागली, थ्रॉटल सोडला की मागून फटफटायला लागली, सिग्नलला मांड्या भाजायला लागल्या. हे सगळं तूच लिहिलंयस, याच क्रमानं. एकदा परत वाच बघू. आता सांग लेका, गळा कंपनीनं आवळला होता की गळ्याशी खेळ तू केलास?

ट्यूनर करतो काय, हे चोवीस हजार मागणाऱ्यानं तुला समजावलं नसणार. गाडीचा ईसीयू, म्हणजे तिचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला सांगतो, इतके मिलिसेकंद उघडा राहा. ट्यूनरची डबी या दोघांच्या मधे बसते आणि तो निरोप थोडा लांबवते. पेट्रोल जरा जास्त जातं. काही डब्या स्पार्कचं टायमिंगही हलवतात. हवा मात्र एक चमचाभरही जास्त आत जात नाही, आणि ताकद शेवटी हवा किती आत गेली यावर ठरते. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलास की गाडी तरतरीत वाटते ना? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, खाली हवा दाट असते, म्हणून तसं होतं. ती ताकद फुकट मिळते, आणि डबीवाला विकतो त्याच्या जवळपास असते.

'गळा आवळलाय' हे मात्र पूर्ण खोटं नाही. अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा मिळाली की सगळं पुरतं जळतं. एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच आसपास नीट काम करतो, म्हणून आरामात चालवताना धुरातला ऑक्सिजन बघणारा सेन्सर गाडीला त्या आकड्याला बांधून ठेवतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-सिक्स मानक आलं आणि ही बांधणी आणखी घट्ट झाली. इंजिनला जोर हवा असतो तेव्हा साडेबारा-तेराचं मिश्रण आवडतं. पण थ्रॉटल पूर्ण पिळलास की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून देतो आणि कंपनीनं आधीच भरलेल्या हिशेबानं जादा पेट्रोल देतो. म्हणजे जिथं तुला ताकद हवी असते तिथं गळा मोकळाच आहे. बांधलेला आहे तो फक्त कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये.

त्यात आता पंपावर ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळं १४.७ चा आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो. सेन्सर असलेली गाडी आरामात चालताना ते सांभाळून घेते, पण जुन्या हिशेबाची गाडी पूर्ण थ्रॉटलला थोडी कोरडी, म्हणजे पेट्रोलला कमी, पडू शकते. ट्यूनरच्या बाजूनं कुणी हा मुद्दा मांडला तर मी खुर्ची देऊन ऐकेन. तुझ्या दुकानदारानं मांडला का? नाही. त्यानं गळा सांगितला.

म्हणून आधी मोज.

मोजायचं म्हणजे डायनोवरच, ताकद मोजायच्या मशिनवरच, असं नाही. पहाटे साडेपाचला उठ, सरळ सपाट मोकळा पट्टा शोध. तिसरा गिअर, ताशी ४० ला स्थिर धर, मग थ्रॉटल पूर्ण पिळ आणि ८० होईपर्यंत सोडू नकोस. मोबाइल मीटरकडं तोंड करून घट्ट बांध. घरी येऊन व्हिडिओवर सेकंद काढ. जाताना पाच वेळा, येताना पाच वेळा, म्हणजे वारा आणि चढ दोन्ही कटतात. टाकी सारखी, कपडे सारखे, टायरची हवा सारखी. दहा आकडे वहीत लिही. मग माळ्यावरचा मूळ सायलेन्सर आणि मूळ फिल्टर चढव आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच पट्ट्यावर परत दहा आकडे. मूळ सायलेन्सर विकला नाहीस ना? विकला असशील तर मला सांगू नकोस, मी चिडेन. ट्यूनरवाल्याच्या दारात जायच्या आधी ही वही भरलेली पाहिजे. खर्च शून्य.

आणि हे करायच्या आधी चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा आहे का बघ, प्लग काढून रंग बघ, आठही व्हॉल्व्हचे टॅपेट, म्हणजे त्यांची फट, फीलर गेजनं तपास. इकडं गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ आणि कारखान्यांची काजळी फिल्टरमध्ये बसते. दर हंगामात चार-पाच जण "पिकअप गेला" म्हणून येतात आणि साडेतीनशेच्या फिल्टरवर हसत परत जातात. तेच गिऱ्हाईक ट्यूनरच्या दुकानात गेलं असतं तर? तिथंही फिल्टर बदललाच असता, आणि नाव डबीचं झालं असतं.

आता पाच टक्क्यांचा हिशेब कर. 'गाडी बदलून गेली' म्हणणारे डबीपासून साधारण तेवढंच मिळाल्याचं सांगतात. गाडी आणि तू मिळून २९० किलो. त्याचे पाच टक्के म्हणजे साडेचौदा किलो. एवढं वजन उतरलं तरी पिकअप साधारण तेवढाच वाढतो. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड, मागचे बॅगा टेकवायचे दोन्ही सॅडल स्टे आणि तो टॉप बॉक्स, ज्यात तू आजवर रेनकोटशिवाय काही ठेवलेलं नाहीस, एवढं उतरवून ठेव आणि परत मोज. मी थट्टा करत नाही. पान्यानं होणारं काम आहे.

तू म्हणशील, काका जुन्या वळणाचे, त्यांना इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही. म्हण. पण मी असा का झालो ते ऐक.

आमच्या वेळी यामाहाची आरएक्स हंड्रेड होती. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि कोल्हापुरात तिच्यावर हात न चालवलेला मेस्त्री शोधून सापडला नसता. मलाही एकानं सांगितलं, कंपनीनं गळा आवळलाय. मी एक्झॉस्ट पोर्ट कानशीनं वर घेतला. किती? डोळ्याला बरा दिसेल इतका. पगाराबाहेरचे पैसे घालून मोठा कार्बोरेटर आणला. त्यातलं पेट्रोल मापून सोडणारा मेन जेट अंदाजानं. गाडी असली पळायला लागली की उद्यमनगरात लोक दारात येऊन बघायचे. एका रविवारी मित्राला मागं घेऊन रत्नागिरीच्या रस्त्याला लागलो. मलकापूरला चहाला थांबलो. टूल किटमध्ये प्लग पाना होता. प्लग काढून रंग बघायला दोन मिनिटं लागतात. चहाच्या रंगाचा असला तर ठीक, पांढरा असला तर इंजिन उपाशी, हे मला तेव्हाही माहीत होतं. बघितला नाही. भजी गरम होती.

आंब्याच्या अलीकडं, पूर्ण थ्रॉटलवर, पिस्टन धरला. मागचं चाक जाम. क्लच दाबेपर्यंत आम्ही रस्त्यावर होतो. माझं कोपर सोललं, मित्राचं गळ्याचं हाड मोडलं. प्लग नंतर काढला तर खडूसारखा पांढरा. त्या मित्राला आजही उजवा हात डोक्याच्या वर नेताना थांबावं लागतं. तो कधी काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये वही आहे. वहीत आकडा नसेल तर मी वाढीव काम हातात घेत नाही. यानं गिऱ्हाइकं गेली, ते खरं आहे. भाचा माझ्याकडंच शिकला, तोही गेला. म्हणाला, मामा, लोकांना ताकदीचा आकडा नको असतो, गाडी वेगळी वाटायला हवी असते, आणि वाटण्याचे पैसे द्यायला ते तयार आहेत. आज पुण्यात त्याचं मोठं वर्कशॉप आहे, डायनो आहे, एसीत बसून तो मॅप, म्हणजे ईसीयूतला पेट्रोलचा हिशेब, बदलतो. माझ्याकडं अजून तेच शटर. पण मी कुणाला न मोजता काही विकलं नाही, हे तर कुणी नाकारणार नाही?

थांब. इथं एक गोष्ट लपवली तर या पत्राला अर्थ उरत नाही.

चार वर्षांपूर्वी एक मुलगा केटीएमची ३९० ड्यूक घेऊन आला होता. सायलेन्सर, फिल्टर बदललेला, पाच हजार आरपीएमच्या आसपास गाडी बसायची. ट्यूनर बसवून द्या म्हणाला. मी त्याला हेच सगळं ऐकवलं, जरा जास्तच ऐकवलं. तो भाच्याकडं गेला. महिन्यानं येऊन त्यानं एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. डायनोचे दोन आलेख, एकाच दिवशी, एकाच मशिनवर काढलेले, आधीचा आणि नंतरचा. पाच हजारांजवळचा खड्डा सरळ भरून निघाला होता. कमाल ताकद फारशी हलली नव्हती, पण रोज जिथं गाडी चालते तिथली रेघ स्वच्छ झाली होती. मी कागद बघितला आणि म्हणालो, डायनोला काय, हवं ते दाखवता येतं. पोरगा गेला. कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. आयुष्यभर मोज-मोज म्हणणाऱ्या माणसाला मोजलेलं आणून दिलं आणि ते भाच्याच्या दुकानातलं आहे म्हणून त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

तरीही माझं म्हणणं तसूभर सरकलेलं नाही, उलट त्या कागदानं ते पक्कं केलं. ती डबी त्या पोराला लाभली, कारण कुणीतरी त्याचीच गाडी मशिनवर चढवून, सायलेन्सरमधून येणाऱ्या धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण वाइडबँड सेन्सरनं बघून, त्याच गाडीसाठी हिशेब भरला. तुझा दुकानदार देतोय ती तयार मॅप भरलेली डबी, भलत्याच सायलेन्सरवर, भलत्याच गावात बनवलेली. दुसऱ्याच्या मापानं शिवलेला शर्ट. कधी बसतोही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. कन्व्हर्टर काढलेला असेल आणि त्यावर आणखी पेट्रोल सोडलंस तर कार्बन मोनॉक्साइड वाढणार आणि पीयूसीला अडचण येणार. वायरिंगमधे डबी दिसली की वॉरंटीवरून वाद होणार. आणि पोलीस असले सायलेन्सर रोड रोलरखाली घालतात ते तू बघितलंच असशील. त्या ढिगात तुझे अठरा हजार जायला नकोत.

मला विचारशील तर माझा अंदाज असा: मूळ सायलेन्सर आणि फिल्टर चढवलास की तुझे धक्के ऐंशी टक्के जातील, आणि प्रश्न तिथंच मिटेल. आवाज मात्र जाईल. तो आवाजच तुला हवा असेल, तर तसं स्पष्ट म्हण. आवाजाची किंमत सायलेन्सरचे अठरा आणि ट्यूनरचे चोवीस मिळून बेचाळीस हजार आहे, असं वहीत लिही आणि खुशाल दे. हौसेला माझी ना नाही, मी काही संत नाही. फक्त हौसेला ताकद म्हणून घरी आणू नकोस.

वीस आकडे झाले की मला फोटो पाठव. आकडे बघूनही ट्यूनर घ्यायचाच असं ठरलं, तर त्या दुकानात जाऊ नकोस. भाच्याकडं जा, पत्ता तुझ्या आईकडं आहे. आधी नुसते डायनोचे पैसे देऊन मूळ आलेख काढून घे, आणि तो कागद हातात आल्याशिवाय पुढचं काम सांगू नकोस. तिथं माझं नाव काढू नकोस. काढलंस तर तो पैसे घेणार नाही.

तुझा,
काका