लहान मुलांसाठी बांबूचा ब्रश: घ्या, पण वाळवायची सोय आधी करा

चार वर्षांच्या लेकीसाठी बांबूचा ब्रश घ्यावा का, पावसाळ्यात त्याला बुरशी येते का आणि पाकिटावरचं ‘100 टक्के विघटनशील’ खरं मानायचं का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे दोन्ही मुलं पाच वर्षं बांबूच्याच ब्रशने दात घासतात आणि आम्ही राहतो चिपळूणला, त्यामुळे पावसाळ्याचं तरी खात्रीने सांगते.

बुरशी येते. पहिल्याच जुलैत धाकट्याचा ब्रश नेहमीसारखा पेल्यात उभा ठेवला होता. आठवड्याभरात दांडीच्या बुडाला काळं कडं धरलं. नखाने खरवडलं तर ओला भुसा हाताला लागला. पाणी दांडीवरून ओघळून पेल्यात साचत होतं आणि बांबू ते पीत होता. तेव्हापासून दात घासून झाले की ब्रश झटकायचा, दांडी फडक्याने कोरडी करायची आणि कपड्यांच्या चिमट्याने बाथरूमबाहेर खिडकीपाशी टांगायचा. नव्या ब्रशच्या दांडीला मी खोबरेलाचे दोन थेंबही चोळते. एवढं करून काळे ठिपके आलेच तर ब्रश टाकून द्या, महिनाभरच वापरलाय म्हणून हळहळू नका. तसाही तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलायचाच असतो, आणि केस फिसकटले तर त्याआधीच.

आता ते 100 टक्के. दांडी मातीत कुजते, केस सहसा कुजत नाहीत, कारण ते बहुतेक नायलॉनचे असतात. ‘एरंडेलापासून बनवलेले’ असं लिहिलेलं असलं तरी एरंडेल हा कच्चा माल झाला, त्यातून तयार होतं ते नायलॉनच. अमेरिकेत 1938 साली नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला, त्याआधी डुकराचे केस वापरत. ते खरंच कुजतात, पण ओल धरतात आणि लवकर वाळत नाहीत. मुलांना मी ते देणार नाही. नायलॉनचेच घ्या आणि ब्रश टाकताना पकडीने उपटा. प्रत्येक झुपक्याबरोबर धातूचा बारीकसा तुकडा निघतो, तो मुलांच्या पायाखाली येऊ देऊ नका.

घेताना डोक्याची जाडी जरूर बघा. बांबूच्या ब्रशचं डोकं प्लास्टिकच्या ब्रशपेक्षा बरेचदा जाड असतं, आणि चार वर्षांच्या पोरीच्या मागच्या दाढांपर्यंत ते पोचलंच नाही तर काय उपयोग? कीड तिथेच आधी लागते. डोकं लहान आणि चपटं हवं, केस मऊ हवेत. कडेवरून बोट फिरवा, कुठे खरखरलं तर तो ब्रश नको. लेक ब्रश चावत असेल तर आणखी वर्षभर प्लास्टिकचाच वापरा. चावून बांबूचे तंतू सुटतात आणि कुसळ हिरडीत जातं. त्यात अपराधी वाटून घेऊ नका, तिचे दात महत्त्वाचे.

आणि ब्रश कुठलाही असो, सात-आठ वर्षांची होईपर्यंत तिने घासल्यावर एकदा तुम्ही घासून द्या. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच. मी धाकट्याला मांडीवर डोकं ठेवून आडवा करते, म्हणजे वरच्या दाढा नीट दिसतात.

केस काढलेल्या दांड्या आमच्याकडे कुंड्यांत खोचल्या जातात. त्यांवर मुलं पेन्सिलीने रोपांची नावं लिहितात. मिरचीच्या कुंडीतली गेल्या वर्षीची दांडी परवा काढली, तर मातीतला भाग बोटाने चुरला गेला.