पंकने प्रोगला संपवलं, असं लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा खर्डा वाचला. '१९७७ साली पंक (आखूड, वेगवान, साध्या गाण्यांचं रॉक) आलं आणि प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे 'प्रोग' (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) संपलं' हे पहिलंच वाक्य खोड. त्या वर्षीच्या ब्रिटिश विक्रीच्या याद्या काढून बघ. ऑगस्टमध्ये 'येस' या प्रोग बँडचा 'गोइंग फॉर द वन' अल्बमांमध्ये पहिला होता. पंक बँड सेक्स पिस्टल्सना ती जागा मिळाली नोव्हेंबरात. सिंगल्समध्ये, म्हणजे एकेका गाण्याच्या रेकॉर्डींमध्ये, त्यांचं 'गॉड सेव्ह द क्वीन' बीबीसीने बंदी घालूनही जूनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच महिन्यात इमर्सन, लेक अँड पामर या प्रोग बँडचं 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' त्याच क्रमांकावर! अर्थात, नऊ मिनिटांहून लांब वादन कापून तीनेक मिनिटांवर आणल्यावर.

बदललं ते वेगळंच. संगीत साप्ताहिकांची मर्जी फिरली, आणि बँड सुरू करायला लागणारा पैसा एकदम कमी झाला. बझकॉक्स या पंक बँडने जेमतेम ५०० पौंडांत पहिली रेकॉर्ड स्वतः काढली, सुरुवातीला १,००० प्रती. त्याच वर्षी इमर्सन, लेक अँड पामर अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले आणि खर्च झेपेना म्हणून त्यांना तो अर्ध्यातून परत पाठवावा लागला. लेखाचा गाभा इथे आहे. पंकवाल्यांच्या सेफ्टी पिना आणि केसांच्या रंगावर दोन पानं नकोत.

आता तक्ता कर. एका ओळीत एक रेकॉर्ड. रकाने: देश, सिंगल की अल्बम, सर्वोच्च क्रमांक, यादीतले आठवडे, गाण्यांची संख्या, एकूण वेळ. पंकचा जीव सिंगलमध्ये, प्रोगचा अल्बममध्ये, म्हणून एकच यादी धरलीस तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. नुसत्या सर्वोच्च क्रमांकावरही जाऊ नकोस. रामोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम १९७६ साली अमेरिकेत १११च्या वर चढला नाही; पाच लाख प्रतींचं 'गोल्ड' प्रमाणपत्र मिळालं २०१४ साली.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजण्याचे नियम बदलतात तिथे. मे १९९१पासून बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाने बारकोडवरून विक्री मोजायला घेतली आणि जुने अल्बम मुख्य यादीतून वेगळे काढले. २००९च्या डिसेंबरात ते परत आले. पिंक फ्लॉइड या प्रोग बँडचा 'डार्क साइड ऑफ द मून' १९८८पर्यंत ७४१ आठवडे त्या यादीत होता. मधल्या काळात तो दिसत नाही म्हणून लोकांनी ऐकणं सोडलं, असं लिहिशील तर फसशील.

स्ट्रीमिंगचं गणित तर प्रोगच्या मुळावरच येतं. बिलबोर्डच्या २०१४च्या नियमात १,५०० वेळा गाणी वाजली की एक अल्बम विकला, असं धरत. रामोन्सच्या त्या अल्बममध्ये १४ गाणी, वेळ २९ मिनिटं. तो पूर्ण १०७-१०८ वेळा ऐकला की झालं. 'येस'च्या 'क्लोज टू द एज'मध्ये तीनच रचना, त्यामुळे तो ५०० वेळा ऐकावा लागतो, आणि तोही जवळपास ३८ मिनिटांचा. म्हणजे आवड तेवढीच असली तरी आकडा जवळपास पाचपट मागे. तक्त्यात १९९१, २००९ आणि २०१४ या वर्षांपाशी जाड रेघ मार आणि रेघेपलीकडचे आकडे अलीकडच्यांशी ताडू नकोस.

ब्रिटन आणि अमेरिका यांचे आलेखही वेगळे ठेव. एकट्या ब्रिटनमध्येसुद्धा पंकच्या लाटेनंतर, १९८० साली, जेनेसिस या प्रोग बँडचा 'ड्यूक' अल्बम पहिला आला होता. अर्थात तोवर त्यांची गाणी बरीच आखूड झाली होती, हेही नोंदव.

आधी तक्ता पाठव, लेख मागाहून.