वाचकांचे प्रश्न : स्त्री राष्ट्राध्यक्ष निवडायला अमेरिका तयार आहे का?

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, आता न्यू जर्सीत स्थायिक झालो आहोत आणि येथे मतदानही करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये कमला हॅरिस पराभूत झाल्यापासून ‘हा देश अजून बाईला राष्ट्राध्यक्ष करायला तयार नाही’ असे आमच्या मराठी मंडळात वरचेवर ऐकू येते. त्याआधी हिलरी क्लिंटनही हरल्या होत्या, हे खरेच आहे. मला हे म्हणणे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. आपले मत काय?
— एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या मंडळातील मताला दोन निवडणुकांचा आधार आहे, तेव्हा आधी त्या दोन निवडणुकाच नीट पाहू. २०१६ मध्ये क्लिंटन यांना सुमारे ६ कोटी ५८ लाख मते मिळाली आणि डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ६ कोटी ३० लाख. देशभरातील मते नुसती मोजली असती, तर अमेरिकेला त्याच वर्षी स्त्री राष्ट्राध्यक्ष मिळाली असती. त्या हरल्या त्या निर्वाचक मंडळाच्या पद्धतीमुळे, म्हणजे प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मते असतात आणि बहुतेक राज्यांत ती सगळी तेथे पुढे असलेल्या उमेदवाराला मिळतात. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांहूनही कमी मतांनी त्या मागे राहिल्या आणि त्या राज्यांची निर्वाचक मते ट्रम्प यांच्या पारड्यात गेली. जिला अधिक नागरिकांनी मते दिली, तिच्या पराभवावरून ‘नागरिक तयार नाहीत’ असा निष्कर्ष काढणे मला तरी धाडसाचे वाटते.

२०२४ चा निकाल मात्र इतका सहज बाजूला सारता येत नाही. हॅरिस यांना सुमारे ७ कोटी ५० लाख मते मिळाली, ट्रम्प यांना सुमारे ७ कोटी ७३ लाख, आणि अटीतटीची मानली गेलेली सातही राज्ये ट्रम्प यांनी जिंकली. तरीही त्या निवडणुकीत उमेदवार स्त्री आहे यापलीकडेही पुष्कळ काही घडत होते. जो बायडेन यांनी २१ जुलै रोजी माघार घेतली आणि मतदान ५ नोव्हेंबरला होते, त्यामुळे हॅरिस यांच्या हाती प्रचारासाठी जेमतेम १०७ दिवस आले. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांतून त्या वर्षी त्या गेल्याच नव्हत्या. महागाई आणि सीमेवरील स्थलांतर यांवरून बायडेन सरकारविषयी असलेली नाराजी त्याच सरकारच्या उपराष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांच्या वाट्याला आली. शिवाय २०२४ हे सत्ताधाऱ्यांसाठी जगभरच वाईट वर्ष होते : ब्रिटनमध्ये ऋषी सुनक यांच्या पक्षाचा दारुण पराभव झाला, जपानमध्ये सत्ताधारी आघाडीने कनिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले आणि भारतातही भाजपचे स्वबळावरचे बहुमत गेले.

याहून बोलका पुरावा त्याच दिवशीच्या त्याच मतपत्रिकेवर सापडतो. मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही दोन्ही राज्ये हॅरिस यांनी गमावली, पण सेनेटसाठी मिशिगनमधून एलिसा स्लॉटकिन आणि विस्कॉन्सिनमधून टॅमी बाल्डविन या त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्त्रिया थोड्या फरकाने निवडून आल्या. येथे घाई करू नये. स्लॉटकिन यांना मिळालेली मते हॅरिस यांच्या मतांपेक्षा किंचित कमीच होती. त्या जिंकल्या, कारण ट्रम्प यांना मत देणाऱ्या काहींनी सेनेटच्या रिपब्लिकन उमेदवाराला मत दिले नाही. त्यामुळे ‘मतदारांनी एका स्त्रीला नाकारले आणि दुसरीला स्वीकारले’ असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते एवढेच, की तेथे निर्णायक ठरला तो ट्रम्प यांचा वैयक्तिक प्रभाव. मिशिगनविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कार्यकारी पद स्त्रीकडे सोपवायला लोक कचरतात, विधिमंडळात चालते, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु याच राज्याने २०१८ आणि २०२२ मध्ये ग्रेचेन व्हिटमर यांना गव्हर्नर, म्हणजे राज्याच्या निर्वाचित कार्यकारी प्रमुख केले आणि महाधिवक्ता व राज्य सचिव या पदांवरही दोन्ही वेळा स्त्रियांनाच निवडून दिले.

मग पूर्वग्रह नाहीच का? आहे, आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. स्त्री उमेदवाराचा आवाज, तिचे हसणे, तिचा पोशाख यांची जी चिकित्सा होते, ती पुरुषाच्या वाट्याला क्वचितच येते. ज्या देशातील निकाल दोन-तीन राज्यांतील एखाद्या टक्क्यावर फिरतो, तेथे थोड्या मतदारांचा पूर्वग्रहही पुरेसा ठरू शकतो. पण त्याच न्यायाने, ती स्त्री आहे म्हणून उत्साहाने बाहेर पडणारे मतदारही धरावे लागतात, आणि या दोहोंची वजाबाकी करून शिल्लक किती उरते, हे एका निकालावरून कोणालाच सांगता येणार नाही.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. गॅलप संस्थेने १९३७ मध्ये लायक स्त्रीला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्याल का असे विचारले, तेव्हा ३३ टक्के लोक हो म्हणाले. २०१५ मध्ये हे प्रमाण ९२ टक्के होते. पाहणीत सांगितलेले सगळेच मतपेटीत उतरत नाही, हे मान्य. तरीही २०२० च्या निवडणुकीआधी डेमोक्रॅटिक मतदारांत जे चित्र दिसले, ते या आकड्यांशी जोडून पाहावे. स्वतःला स्त्री राष्ट्राध्यक्ष चालेल असे सांगणारे पुष्कळ होते. शेजाऱ्याला चालेल असे मानणारे त्यांच्या मानाने फारच थोडे. एलिझाबेथ वॉरन आणि एमी क्लोबुशार यांच्यासारख्या अनुभवी सेनेटर रिंगणात होत्या, पण ‘निवडून येण्याची शक्यता’ या एकाच निकषाने अखेरीस बायडेन यांना उमेदवारी मिळवून दिली. आपल्या मंडळातील वाक्य निरुपद्रवी निरीक्षण नाही, असे मी म्हणतो ते यासाठी. ते वाक्य पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या, देणगीदारांच्या आणि प्राथमिक मतदारांच्या तोंडी गेले की स्त्रीला उमेदवारीच मिळत नाही, आणि मग स्त्री राष्ट्राध्यक्ष झालेली नाही ही गोष्टच देश तयार नसल्याचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. इतक्या वर्षांच्या इतिहासात दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून या पदासाठी केवळ दोनदा स्त्रीला उभे केले आहे. एवढ्याशा अनुभवावरून मतदाराची परीक्षा घेणे अन्यायाचे आहे.

आणि आपल्या न्यू जर्सीने तर १९९३ मध्येच क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांना गव्हर्नर निवडले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथे मिकी शेरिल निवडून आल्या, तर व्हर्जिनियात दोन्ही पक्षांच्या उमेदवार स्त्रियाच होत्या आणि अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर विजयी झाल्या. मंडळाच्या पुढच्या बैठकीत विचारा, शेरिल यांना मत देताना ‘राज्य तयार आहे का’ हा विचार किती जणांच्या मनात आला होता.

प्रश्न : मेक्सिको हा पुरुषी अहंकारासाठी ओळखला जाणारा, कर्मठ कॅथलिक परंपरेचा देश. तेथे २०२४ मध्ये स्त्री राष्ट्राध्यक्ष कशी निवडून आली? तेथील समाज अमेरिकेपेक्षा पुढे गेला, असे मानायचे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : समाज पुढे गेला असे मानण्याची गरज नाही; तेथे उमेदवारीचे नियम बदलले. मेक्सिकोत स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताचा हक्क मिळाला तोच १९५३ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर. पुढे पक्षांवर स्त्री उमेदवारांचा कोटा घालण्यात आला, तेव्हा पक्षांनी पळवाट शोधली. २००९ मध्ये निवडून आलेल्या काही स्त्रियांनी लगेच रजा घेतली आणि त्यांच्या जागी पर्यायी सदस्य म्हणून नोंदवलेले पुरुष सभागृहात जाऊन बसले. आपल्याकडे सरपंचपती ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. त्यानंतर निवडणूक न्यायाधिकरणाने पर्यायी सदस्यही स्त्रीच असली पाहिजे असा निर्णय दिला. २०१४ मध्ये राज्यघटनेतच विधिमंडळाच्या उमेदवारीत समानतेची अट आली आणि २०१९ मध्ये ती शासनाच्या इतर अंगांनाही लागू झाली.

याचा परिणाम असा, की २०२४ पर्यंत दोन्ही सभागृहांतून, मंत्रालयांतून आणि राज्यांतून स्त्रियांची एक मोठी फळी तयार झाली होती. क्लॉडिया शेनबॉम २०१८ ते २०२३ या काळात राजधानी मेक्सिको सिटीच्या प्रमुख होत्या, प्रतिस्पर्धी सोचित्ल गाल्वेस सेनेटर होत्या. २ जून २०२४ रोजी शेनबॉम यांना ५९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. दोघींची बेरीज केली तर दहातील जवळपास नऊ मते स्त्रियांना गेली. मावळते राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्राडोर यांच्या लोकप्रियतेचा शेनबॉम यांना मोठा आधार होता, हेही खरे. पण मतदारापुढे प्रश्न ‘स्त्री की पुरुष’ असा उरलाच नव्हता, आणि तो तसा उरू नये ही व्यवस्था आधीच्या दोन दशकांत कायद्याने केली होती.

प्रश्न : परदेशाचे राहू द्या. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात १ मे १९६० पासून आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री झाली नाही. येथील जनता तयार नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुख्यमंत्रिपदासाठी जनता थेट मत देत नाही, त्यामुळे तिला दोष देण्याचे कारणच नाही. आमदार नेता निवडतात, आणि बहुतेक वेळा ते नाव दिल्लीत ठरते. प्रतिभाताई पाटील यांनी राज्यात मंत्री आणि विधानसभेत विरोधी पक्षनेत्या म्हणून काम केले. २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या, पण मुख्यमंत्रिपद त्यांच्या वाट्याला आले नाही. उत्तर प्रदेशाने सुचेता कृपलानी यांच्या रूपाने १९६३ मध्येच स्त्री मुख्यमंत्री पाहिली, आणि शेजारच्या गोव्यात मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या निधनानंतर १९७३ मध्ये त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. वडिलांच्या पश्चात पद मिळाले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. मात्र १९७७ मध्ये देशभर जनता पक्षाची लाट असताना त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर आला, हा कौल वडिलांच्या नावावर खपवता येणार नाही.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेथे निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या हजारोंत आहे. विधानसभेच्या २८८ जागांवर मात्र २०१९ मध्ये २४ स्त्रिया निवडून आल्या आणि २०२४ मध्ये त्याहूनही कमी. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत पोचलेली स्त्री पुढे कोठे अडते, हे यावरून उघड आहे. २०२३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभेतही एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या, परंतु पुढील जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना यांच्याशी त्या बांधल्या. दरम्यान, आरक्षण नसलेल्या मतदारसंघात कोणत्या पक्षाने किती स्त्रियांना एबी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचे पत्र) दिला आणि त्यातील किती जागा त्या पक्षाला जिंकण्याजोग्या होत्या, ही दोन आकड्यांची यादी नाशिकपुरती आपल्यालाही करता येईल.